लग्नपत्रिकेच्या चकत्या

"ह्यो बग," म्हणत काळुराम शेठनी प्लास्टिकची पिशवी काउंटरवर उपडी केली. आतून जीन्सचा तुकडा पडला. उजव्या खिशाच्या जागी ताटलीएवढं भोक होतं आणि कडा जळून कडक झाल्या होत्या. "खिशान मोबाइल फुटला. मांडी जलली पोराची. बॅटरी तुनीच टाकलेलीस ना?"

महेंद्रने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. शेठच्या मुलाच्या, नयनच्या मोबाइलची बॅटरी दिवाळीच्या आधी त्यानेच बदलली होती.

"टाकलेली, शेठ. पण चांगली टाकलेली. मोबाइल कुठाय?"

"फेकला असंल. मना काय मोबाइलचा पडलाय?" शेठचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे महेंद्रला जास्तच भीती वाटली. "उद्या येतंव. काय बोलाचा तो इचार करून ठेव. नायतर चौकीवर जातंव."

दिवा गावातला हा दुकानाचा गाळा शेठचाच होता. आजूबाजूला सात-सात मजले उभे राहिले त्या जमिनीत एके काळी त्यांचा भात पिकायचा. महेंद्र संगमेश्वरहून आला तेव्हा ओळखदेख नसताना शेठनी त्याला गाळा दिला होता. मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात माल सगळ्यांकडे सारखाच असतो. गिऱ्हाईक येतं ते माणसाच्या नावावर, आणि महेंद्रचं नाव चांगलं होतं.

दुपारी शटर ओढून तो कल्याणच्या हॉस्पिटलात गेला. नयनला पालथं पडता येत नव्हतं म्हणून तो उताणा होता, चादर मांडीला लागू नये म्हणून तिच्याखाली लोखंडी कमान. त्याची आई चहा प्यायला खाली गेली होती.

"दादा, सॉरी यार," नयन म्हणाला. "मोबाइल नव्हता. मोबाइल मित्राकडे ठेवलाय."

"मग?"

"वेप, ती ई-सिगारेट. म्हणजे वेप बॅगेत होता. त्यातल्यासारखाच एक्स्ट्रा सेल खिशात, गाडीच्या चावीसोबत. पप्पांना नको सांगू. त्यांनीच मंडळातर्फे व्यसनमुक्तीचा बोर्ड लावलाय नाक्यावर, स्वतःचा फोटो टाकून." तो हसायला गेला आणि पाय हलल्यामुळे थांबला. थोड्या वेळाने म्हणाला, "कॉटखाली बॅग आहे. त्यातला वेप घेऊन जा आणि कुठंतरी फेक. एकदम पॉवरफुल होता रे. दोनशे वीस वॉट."

महेंद्र वेप घेऊन खाली आला आणि आवारातल्या बाकावर बसला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. आपली बॅटरी नव्हती.

वेप साबणाच्या वडीएवढा होता. पाठीवर खरंच दोनशे वीस वॉट छापलेलं होतं. त्याने झाकण सरकवलं. आत बोटाएवढे दोन सेल होते. इतकी पॉवर काढायची तर प्रत्येक सेलमधून तीस अँपिअर ओढावे लागतील. सेलच्या जांभळ्या, बाजारात सगळीकडे दिसतं तसल्या कव्हरावर चाळीस लिहिलं होतं. खरोखर इतका करंट देणारा असा सेल त्याच्या पाहण्यात नव्हता. छापणाऱ्याचं काय जातंय, असं मनात म्हणत त्याने सवयीने एका सेलचं कव्हर नखाने वरून सोललं.

आत, वरच्या टोकाभोवती, पांढऱ्या जाड कागदाची चकती होती. चकतीवर तोरणातलं अर्धं आंब्याचं पान होतं, सोनेरी.

ते तोरण त्याच्या बायकोच्या, कल्पिताच्या भावाच्या लग्नपत्रिकेवरचं होतं. उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा त्यांच्या घरी लोखंडी कपाटावर पडून होता.

वर्षापूर्वी शीळफाट्याच्या विनीतने त्याला जोडधंदा दिला होता. भंगारातल्या लॅपटॉप बॅटऱ्या फोडायच्या, आतले सेल काढायचे, त्यातल्या त्यात बरे निवडायचे, नवं कव्हर चढवून हेअर ड्रायरने गरम करायचं की ते घट्ट बसतं. कव्हरं विनीतच छापून आणायचा. "हे सेल पाच अँपिअरला तापतात आणि तू चाळीस लिहितोस," असं महेंद्रने एकदा म्हटलं होतं. विनीत म्हणाला, "टॉर्चमध्ये जाणार रे. कोण मोजतंय?" टॉर्चसाठी चाळीसचा आकडा कशाला लागतो, हे महेंद्रने विचारलं नाही.

सेलचा सगळा डबा ऋण असतो आणि वरची टिकली तेवढी धन. दोन्हींच्या मध्ये ती कागदाची चकतीच असते. तिच्यासाठी वेगळा कागद मिळतो, न फाटणारा, ओल न धरणारा. तो संपला तेव्हा कल्पिताने पत्रिकांवर पंच चालवला. चकत्या दिसायला तंतोतंत तशाच झाल्या. पण पत्रिका घाम पिते, मऊ होते. वर गाडीची चावी घासली की मग धन आणि ऋण यांच्यामध्ये काही उरत नाही, आणि सेल पेटतो.

त्याने विनीतला फोन लावला.

"आपले सेल कुठं गेले रे?"

"कुठं म्हणजे? घोडबंदरला, डोंबिवलीला, पुण्याला. का, अजून तयार झालेत का?"

"परत मागव."

"सटकलास काय?" असं म्हणून विनीतने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी काळुराम शेठ आले तेव्हा महेंद्रने वेप काउंटरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. नयनने पप्पांना सांगू नको म्हटलं होतं, पण ते सांगितल्याशिवाय सेलचं सांगता येत नव्हतं. सेल मी बनवला, चकती माझ्या घरातली, असे सेल आणखी पुष्कळ पोरांच्या खिशात आहेत, असं तो थांबत थांबत म्हणाला.

शेठनी वेप उलटसुलट करून पाहिला आणि आपल्या खिशात टाकला.

"मोबाइलच फुटला," ते म्हणाले.

"शेठ, मोबाइल नव्हता."

"मी काय बोललू? मंडलान, सोयऱ्यांन, सगल्यांना मोबाइलच सांगितलाय. नयनचा लगीन जमवतंव मी. तू बी तेच सांगाचा. तुज्या बॅटरीनी जलला. पोलीस नाय, काय नाय. महिन्याभरान गाला मोकला कर."

"आणि बाकीचे सेल? बाकीची पोरं?"

"बाकीची काय माजी पोरा हायेत?"

महेंद्र काउंटरच्या काचेकडे पाहत राहिला. चौकी, हातकड्या, संगमेश्वरला कळणं, हे सगळं एकामागून एक मनात येऊन गेलं. तो म्हणाला, "बरं."

घरी कल्पिताने विचारलं, "मग तुम्ही काय बोललात?"

"बरं बोललो."

ती म्हणाली, "चकत्या मी कापल्यात." उठून तिने कपाटावरचा गठ्ठा खाली काढला, पण त्याचं काय करायचं ते तिला सुचलं नाही.

बातमी दोन दिवसांत पसरली. माणसं मोबाइल घेऊन येऊ लागली. त्यांना महेंद्रने टाकलेली बॅटरी काढून हवी होती, दुसरी ते दुसरीकडून टाकून घेणार होते. तो कुणाशी वाद घालत नव्हता. मोबाइल उघडायचा, बॅटरी काढायची, डब्यात ठेवायची.

समोरच्या इमारतीतल्या कमळाबाई आल्या. त्यांचा मोबाइल उघडता उघडता त्याने विचारलं, "सर्वेश काय करतो हल्ली?"

"कॉलेजला जातो ना डोंबिवलीला. का रे?"

"त्याच्या खिशात, बॅगेत जांभळा सेल दिसला का कधी? बोटाएवढा. दिसला तर मला आणून द्या. चार्ज करू देऊ नका. प्लीज."

कमळाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थोडी कीवच होती.

"तुझ्याकडे? आता तुझ्याकडे बॅटरी कोण आणून देईल रे, महेंद्र?"

त्यांच्या मोबाइलची बॅटरी सपाट होती, गार होती, कुठे फुगलेली नव्हती. त्याने ती अलगद सोडवली, तिच्या धन आणि ऋण टोकांवर चिकटपट्टी लावली आणि डब्यात बाकीच्यांच्या शेजारी ठेवून दिली.