यादीतलं जर्नल

नौवाराने लॅपटॉप वळवून झुबीरपुढे केला आणि ते जर्नल बनावट आहे हे पाहताक्षणी त्याच्या लक्षात आलं. त्याच्या नाही तर कुणाच्या येणार? अल्जिरियाच्या उंच पठारावरच्या त्या विद्यापीठात तोही तिच्यासारखाच पीएचडी करत होता, पण बाकीच्या पीएचडीच्या मुलांना भामट्या प्रकाशकांपासून सावध करणारं व्याख्यान दर वर्षी तोच देई. पैसे उकळून वाटेल ते छापणारी जर्नलं, हॉटेलच्या एका खोलीत उरकणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदा, मधाचं बोट लावणारी निमंत्रणं, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. म्हणून तर ती त्याच्याकडे आली होती.

सख्ख्या भावाला म्हणावं तसं ती त्याला खूया म्हणे. "खूया, एकदा बघ ना. चार दिवसांत पेपर स्वीकारला म्हणतात. इतक्या लवकर कुणी स्वीकारतं का रे?"

पेपर म्हणजे तिची पाच वर्षं होती. स्टेपच्या गवताळ माळावरच्या नव्वद विहिरींचं पाणी दर मोसमात किती खारट होत गेलं याची मापं तिने घेतली होती. त्या विहिरींवर तिला तिचे वडील जुन्या व्हॅनमधून नेत, दोर सोडून पाणी काढून देत आणि ती बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवेपर्यंत उन्हात उभे राहत. शिक्षण मंत्रालयाच्या मान्य यादीतल्या जर्नलमध्ये निदान एक पेपर आल्याशिवाय व्हायवाला उभं राहता येत नव्हतं. आणि एकदा छापून आलेला पेपर, मग तो चोराच्या घरी का छापलेला असेना, दुसरं कुणी घेत नाही. हे झुबीरला नीट ठाऊक होतं.

यादीत त्या नावाचं जर्नल होतं. एका लहानशा संस्थेचं, खरंखुरं, वर्षातून दोनदा निघणारं. भामट्यांनी त्याचं नाव, त्याचा नोंदणी क्रमांक, मुखपृष्ठसुद्धा उचललं होतं आणि भलत्याच पत्त्यावर त्याच नावाची वेबसाइट थाटली होती.

झुबीर गप्प राहिला, कारण विभागात व्याख्यात्याची एकच जागा निघणार होती. दोघांचे प्रबंध तयार होते आणि तिचा उजवा होता. हे कुणी बोलून दाखवत नसे, पण त्याला ते आतून कुरतडत होतं.

"यादीत नाव आहे का?" त्याने विचारलं.

"आहे. क्रमांकही जुळतो."

"मग मला काय विचारतेस? यादी मंत्रालयाने केली, मी नाही केली."

यात एक अक्षर खोटं नव्हतं आणि त्याला त्याचं मोठं समाधान वाटलं. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती तुमचा गळा कापतील, पण वर आपण कधी खोटं बोललो नाही म्हणून सांगतील. नौवाराचा चेहरा उजळला. तिने मार्सेयच्या मावसभावाला फोन करून त्याच्या परदेशी कार्डावरून जर्नलची फी भरायला सांगितली, आणि आठवड्याभरात नव्वद विहिरी त्या वेबसाइटवर छापून आल्या.

तिच्या आईने मकरूट करून पाठवले, खजूर भरलेले, मधात बुडवलेले. झुबीरने दोन खाल्ले आणि तिसरा कागदात गुंडाळून खिशात टाकला. व्हायवाच्या दिवशी तर ताटंच्या ताटं येतील, असं नौवारा हसत म्हणाली. तोही हसला.

आता व्हायवाआधी फाइली तपासणारी समिती तिची फाइल अडवते का, याची वाट पाहायची तेवढी उरली होती. पण समितीचा कारभार ढिला, यादीत नाव दिसलं की तिथले लोक शिक्का मारून मोकळे होतात, हे आठवून त्याची झोप उडाली. एका सकाळी कॅन्टीनमध्ये समितीच्या प्रमुख तसादित बाई कॉफी घेत होत्या. तो त्यांच्या टेबलाशी जाऊन बसला. बाई कडक, हिशेबाला पक्क्या, आणि त्याच्यावर त्यांची मर्जी होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर यंदा खऱ्या जर्नलांच्या नावाने जुळ्या वेबसाइटचं पेव फुटलंय, फाइली जरा बारकाईने तपासायला हव्यात, असं त्याने सहज म्हटल्यासारखं म्हटलं. नाव कुणाचं घेतलं नाही. इथेही तो खोटं बोलला नाही.

दहा दिवसांनी बाईंचं बोलावणं आलं. आपल्याला जाणकार म्हणून बोलावलंय अशा समजुतीने तो ताठ मानेने आत गेला. बाईंनी छापील पेपर त्याच्यापुढे सरकवला.

"मुलांना सावध करणारा तूच, आणि पेपरवर नाव तुझंच?"

पहिलं नाव नौवाराचं होतं. तिसरं गाईडचं, ते जूनमध्येच निवृत्त होऊन घरी बसले होते. आणि मधलं नाव झुबीरचं होतं, विद्यापीठाच्या पत्त्यासकट. ते त्याने दोनदा वाचलं.

"मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं खरं बोलणं लटकं वाटत होतं.

बाईंनी त्याला सरळ सांगितलं. "नाव तुझ्या संमतीने असेल तर तुझीही फाइल थांबेल. तिचं म्हणशील तर ती फसली आहे, वर्षभर थांबून उरलेल्या मापांवर दुसरा पेपर लिहू शकते. पण तुला न विचारता तिने नाव घातलं असेल तर ती बनवाबनवी झाली. मग तिची नोंदणी रद्द. कायमची. लिहून दे, काय ते."

म्हणजे वर्षभर दोघांनी थांबायचं, किंवा तिला कायमचं बुडवायचं. झुबीरने कागद मागून घेतला. चार ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि तारीख टाकायला विसरला म्हणून कागद परत घेऊन तारीखही टाकली. मला त्या तारखेचाच जास्त राग येतो.

मग नौवाराला आत बोलावलं. बाईंनी तो कागद वाचून दाखवला. तिने एकदाच झुबीरकडे पाहिलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "मीच घातलं. पहिल्यापासून मला मदत केली त्याने. व्हायवाच्या दिवशी दाखवून त्याला चकित करणार होते. त्याची काहीही चूक नाही, बाई."

बाईंनी शिक्का मारला.

दुपारी ती प्रयोगशाळेतलं सामान खोक्यात भरून फाटकाकडे निघाली होती. झुबीर तिला टाळून मागच्या दाराने जाणार होता, पण तिने हाक मारली. डोळे सुजलेले होते, आवाज मात्र शांत होता. तू लिहून दिलंस ते बरोबरच केलंस, माझ्यापायी तू कशाला बुडायचं, असं ती म्हणाली. हे ऐकून त्याला हायसं वाटलं. लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

"मला एक सांग. माझ्या मागच्या मुलींचं तरी असं होऊ नये. हे ओळखायचं कसं?"

गप्प राहण्यापेक्षा शिकवणं त्याला सोपं वाटलं. तो नेहमीच्या व्याख्यानातलं बोलत सुटला. नाव कधी नुसतं वाचायचं नाही, यादीतल्या दुव्यावरूनच वेबसाइट उघडायची. संपादकांपैकी एकाला पत्र टाकून तुम्ही खरंच तिथे आहात का असं विचारायचं. जुने अंक उघडून पाहायचे. विहिरींच्या पेपराशेजारी दातांच्या कवळीवरचा आणि लग्नाच्या कायद्यावरचा पेपर दिसला की समजायचं, दुकान आहे. आणि चार दिवसांत कुणी स्वीकारलं तर पुढे काही पाहायचीच गरज नाही.

"तुला किती वेळ लागतो?"

"मला? मी नुसता पत्ता पाहिला तरी..." आणि तो थांबला.

तिने खोकं खाली ठेवलं.

"का रे?" तिने विचारलं.

"जागा एकच होती."

"मला विचारायचंस तरी," नौवारा म्हणाली. "मी अर्जच करणार नव्हते. आमच्या गावाला पाणी खात्याची नवी प्रयोगशाळा होतेय, मला तिथे जायचं होतं. बाबांना सांगूनही ठेवलं होतं."

फाटकाबाहेर व्हॅन उभी होती. तिचे वडील उतरून लगबगीने आले. पोरीचा पेपर फसला एवढंच त्यांना कळलं होतं. त्यांनी खोकं उचललं आणि दुसऱ्या हाताने झुबीरचा हात धरला.

"तू होतास म्हणून पोर इथवर तरी आली, बेटा," ते म्हणाले. "अल्ला तुझं भलं करो."

नौवारा व्हॅनमध्ये जाऊन बसली आणि तिने दार ओढून घेतलं.