फाटकाचा दम

कुडव्याचा बकाराम वेल्डर स्वतःच्या खोकल्याचीही टिंगल सोडायचा नाही; गिऱ्हाईक दुकानात शिरलं आणि उबळ आली की म्हणायचा, "या, बँड वाजवून स्वागत केलं तुमचं." जस्त चढवलेल्या पाइपावर रॉड टेकला की पांढरा धूर उठायचा, संध्याकाळी अंगात हुडहुडी भरायची, आणि बाकीच्या वेल्डरांसारखाच तोही गुळाचा खडा चघळून धूर उतरला असं समजायचा.

"गूळ पोटात जाते जी, धूर छातीत," त्याची बायको सुशिलाबाई म्हणायची. "डॉक्टर म्हणला ना, अर्धाच दम उरला तुमचा. चला दवाखान्यात."

"अर्धा तं अर्धा. तुह्यासंग भांडाले पुरते."

कामठ्याच्या ओमेशचं फाटक करताना मात्र अशी उबळ आली की रॉडचा होल्डर हातातून गळून पडला. पाइप चारी बाजूंनी बंद करताना आतली गरम हवा निघायला एक भोक ठेवतात आणि ते सगळ्यात शेवटी बुजवतात. त्या भोकावरच तोंड टेकून बकाराम पोटभर खोकला, आणि उबळ थांबली तसा शेवटचा टाका मारून मोकळा झाला.

त्या दिवसापासून खोकला गेला. बकारामनं गावभर गुळाचे गोडवे गायले. सुशिलाबाईला एवढंच खटकायचं, की नवरा शेजारी झोपला तरी श्वासाचा आवाज म्हणून येत नाही.

मग ओमेश आला. "बकारामभाऊ, तुमचा फाटक खोकलून राहिला."

"काऊन, बिडी पाजली का त्याले?"

ओमेश हसला नाही, म्हणून भर दुपारी नवराबायको गाडीवर कामठ्याला गेले. बकारामनं पाइपाला कान लावला. आत कोणीतरी खोकत होतं, आणि खोकून झाल्यावर, अगदी तो म्हणायचा तसंच, हळूच म्हणत होतं, "अगा माय." बकारामनं झटकन कान मागं घेतला.

"हवा अडकली असन. छेद मारून काढून टाकतो," म्हणत ओमेशनं ड्रिल आणलं.

सुशिलाबाई फाटकाकडं पाहतच नव्हती. ती नवऱ्याच्या सदऱ्याकडं पाहत होती. फाटकानं दम घेतला की सदऱ्याची बटणं वर येत, फाटकानं सोडला की खाली जात.

"थांब ना बापू," ती ओमेशला म्हणाली.

पण ड्रिल सुरू झालं होतं. त्याचं टोक पाइपाला टेकायच्या आधी फाटकानं दम रोखून धरला, आणि बटणं वर आली तशी वरच थांबली.