अंडी उघडी असताना

कमळपक्ष्यांच्या संसारात मादी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे चालती होते. उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं नराच्या गळ्यात. असाच एक बापडा नर तलावाच्या मधोमध खुशबू मेश्रामच्या कापडी पिशवीत धडपडत होता. तिनं त्याचं वजन केलं होतं, चोच मोजली होती, पायात रंगीत कडी घातली होती. आता फक्त सोडायचा उरला होता. तेवढ्यात तिचे गाईड रहांगडाले सर यांचा फोन आला.

"सोडू नकोस. दिल्लीचे पाहुणे आहेत सोबत. पक्षी हातात धरून फोटो हवाय त्यांना. अर्जुनीला चहा घेतोय, आलोच."

सरांचं 'आलोच' म्हणजे काय, हे अख्ख्या लॅबला ठाऊक होतं.

"सर, अंडी उघडी आहेत. ऊन फार कडक आहे."

"एवढ्यानं काही होत नाही. पुढचा प्रोजेक्ट यांच्याच हातात आहे. आणि तुला पीएचडी करायचीय ना?"

फोन बंद. खुशबूच्या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती. ती झाली नाही, तर चार पावसाळे या तलावात केलेलं सगळं पाण्यात.

पण मोजमाप झालं की नर लगेच सोडायचा, कुणासाठीही थांबवायचा नाही, हा नियम घातला कुणी? सरांनीच! गेल्या वर्षी तिच्या जोडीच्या संशोधक संघदीपनं एका सेल्फीसाठी नर हातात धरून ठेवला, तर सरांनी त्याला सगळ्यांदेखत लॅबमधून हाकललं. पोरगा आता आमगावला मोबाईलच्या दुकानात बसतो. आणि आज पाहुणे आले म्हणून नियमाला सुट्टी!

"काऊन थांबली वो बाई?" डोंग्याच्या टोकावरून जमुनाबाईनं विचारलं. ती लाकडी होडी तिचीच होती, वल्हवतही तीच होती.

"सरांचे पाहुने येऊन राहिले, काकी. फोटो काढाले."

"मंग थे अंडे?"

खुशबूनं वाकून पानावरच्या एका अंड्याला बोट लावलं. चांगलंच तापलं होतं. मग मात्र तिचं डोकंच फिरलं. कसली सही आणि कसलं काय! तिनं पिशवीचं तोंड मोकळं केलं. नर पानांवरून तुरुतुरु धावला, लांब शेपटी झटकून दोघींवर यथेच्छ ओरडला आणि पंख पसरून अंड्यांवर सावली धरून उभा राहिला.

"बराबर केलं वो बाई," जमुनाबाई म्हणाली आणि तिनं डोंगा पाळीकडे, तलावाच्या बांधाकडे वळवला.

डोंगा पाळीला लागून बराच वेळ झाला, तेव्हा कुठं गाडी आली. सर पुढे, मागे कॅमेरा घेतलेल्या पाहुण्या मॅडम.

"कुठंय पक्षी?"

"सोडला, सर."

सरांचा चेहरा लाल झाला. "मी काय सांगितलं होतं? उद्यापासून लॅबमध्ये पाऊल ठेवायचं नाही!"

मॅडम गोंधळल्या. "क्या हुआ?"

खुशबूचा आवाज खणखणीत निघाला. "मॅडम, नर को रोका तो अंडे धूप में मर जाते हैं। इसलिए तुरंत छोड़ना पड़ता है। यह नियम सर ने ही बनाया है। जो तोड़ता है, उसको सर लॅब से निकाल देते हैं।"

मॅडमनी दुर्बीण मागून घेतली. पंख पसरून उभा असलेला नर त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग सरांकडे वळल्या. "सच में आपका नियम है?"

"है तो..." सरांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

खुशबू पुन्हा डोंग्यात चढली. पुढचं घरटं बघायचं बाकी होतं.

"मी उद्या लॅबमध्ये येतेय, सर," ती म्हणाली. "संघदीपलाही घेऊन येते. बाहेर कुणी जायचं, ते त्याच्यादेखतच ठरवू."