यादीतलं पहिलं नाव

“बाई, आता तरी बसू का?” शून्याचा कागद छातीशी धरून शिंपीकाकांनी तिसऱ्यांदा विचारलं, तसे वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमलेले वीस-बावीस जण हसले.

तक्तेबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. समोरची पाच माणसं त्यांनीच रांगेत उभी केली होती, शून्य ते चार असे आकडे हातात देऊन. ही पाच माणसं म्हणजे जणू बसडेपोतले पाच ड्रायव्हर. बाई प्रोग्रॅममधल्या सूचना वाचणार, ज्याचा आकडा येईल त्याला त्या आठवड्यात रविवारची सुट्टी, आणि सुट्टी मिळाली की त्याने खुर्चीवर बसायचं. एक बसला, दोन बसला, तीन आणि चारही बसले. मग यंत्राच्या सूचनेप्रमाणे पुन्हा एकाची पाळी आली. तो तर केव्हाच बसला होता.

“थांबा हं काका, माझंच वाचताना काहीतरी चुकतंय,” बाई म्हणाल्या आणि पहिल्यापासून वाचू लागल्या. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक. शिंपीकाका उभेच.

गेली बावीस वर्षं बाई डेपोत ड्रायव्हरांच्या ड्यूटीचे तक्ते करत होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. रविवारच्या सुट्टीवरून पूर्वी त्यांच्या टेबलाशी रोज कुणाचं ना कुणाचं तोंड वाजायचं. ‘त्याला दोनदा, मला एकदाही नाही,’ ‘तुमच्या मर्जीतला आहे तो.’ या कटकटीला कंटाळून तीन वर्षांपूर्वी त्यांनी एक पुस्तक आणलं, ऑफिसातल्या जुन्या संगणकापुढे दोन महिने डोकं फोडलं आणि पाळीपाळीने रविवार वाटणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. भांडणं थांबली. प्रोग्रॅमला त्यांनी त्यानंतर बोट लावलं नाही. चालत्या गाडीचं बॉनेट कशाला उघडायचं?

ही गोष्ट कशी कोण जाणे, संगणकाच्या हौशी मंडळींच्या गटापर्यंत गेली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी तो गट इथे जमायचा. गट चालवणारा संगणक-दुरुस्तीवाला स्वतः डेपोत आला. “आमच्यात सगळे पंडित आहेत हो,” तो म्हणाला, “नवख्याला कळेल असं बोलणारं एकही नाही. तुम्ही बोला.” घरी नवरा म्हणाला, “तू बोलणार? रिमोटचे सेल उलटे घालतेस तू!” पण नंतर अकरा दिवस भाषणाची तालीम त्यानेच ऐकली. जिथे कळलं नाही तिथे भुवया चढवायचा, की बाई ते वाक्य बदलायच्या.

भाषण चांगलं रंगलंही होतं. आपण एकापासून मोजतो, यंत्र शून्यापासून मोजतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा शिंपीकाकांनी हात वर केला होता. “त्यात काय! आमची टेपसुद्धा शून्यापासूनच सुरू होते.” सगळ्यांना ते आवडलं. म्हणून तर बाईंनी शून्याचा कागद त्यांच्याच हाती दिला होता.

आता खोली वाट पाहत होती. मागच्या रांगेत मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या पंडितांनीही माना वर केल्या.

दुरुस्तीवाला पुढे आला, बाईंच्या खांद्यावरून कागदात डोकावला. “हे बघा. मोजायला सुरुवात एकापासून केलीय तुम्ही. एकाच्या जागी शून्य टाका. एवढंच.”

“एवढंच,” बाई म्हणाल्या.

“काय डोकं लढवलंत!” पुढे बसलेली एक नर्स उत्साहाने म्हणाली. “आधी नियम सांगितला आणि मग मुद्दाम चूक ठेवून आम्हाला पकडायला लावली. आता जन्मात विसरणार नाही मी.”

टाळ्या पडल्या. दुरुस्तीवाल्याने विचारलं, “मुद्दामच होतं ना, बाई?”

बाईंच्या तोंडून “हो” निघून गेलं. का निघालं ते त्यांना कळलं नाही. नंतरची दहा मिनिटं त्या काय बोलल्या तेही त्यांना नीट आठवेना. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. डेपोची यादी नोकरीच्या ज्येष्ठतेप्रमाणे होती. सगळ्यात वर थोरले. एकतीस वर्षं स्टिअरिंगवर. सगळा डेपो त्यांना थोरलेच म्हणायचा. वरचं नाव म्हणजे शून्य नंबर.

आणि थोरले एकदा आले होते. दोन वर्षं तरी झाली असतील. टोपी हातात धरून टेबलाशी उभे राहिले होते. “बाई, माझा रविवार कधी येतो?” आणि आपण मान वर न करता म्हणालो होतो, “येईल की पाळीने. यंत्राला कुणी सख्खं नाही, कुणी सावत्र नाही.” थोरले “बरं” म्हणून गेले होते. पुन्हा आले नव्हते.

चहाच्या वेळी शिंपीकाका जवळ आले. हळूच म्हणाले, “मुद्दाम नव्हतं ना ते?”

बाईंनी मानेनेच नाही म्हटलं.

“मला वाटलंच. मुद्दाम करणाऱ्या माणसाचा चेहरा असा उतरत नाही. कोण आहे तो शून्य नंबरचा ड्रायव्हर?”

“आहेत एक. अजून नोकरीत आहेत.” बाईंनी कप खाली ठेवला. “काका, मी काय करू? सोमवारी नुसता आकडा बदलला तर कुणाला पत्ताही लागणार नाही.”

“ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या हातून कापड चुकीचं कापलं गेलं की मी गिऱ्हाईकाला बोलावून सांगायचो. शिव्या खायचो. कापड काही परत जुळायचं नाही.”

मंडळी जायला निघाली होती. बाई पुन्हा पुढे जाऊन उभ्या राहिल्या. “एक मिनिट. मघाशी मी खोटं बोलले. ती चूक खरी आहे. तीन वर्षं ती खऱ्या माणसावर चालली.” पंडितांपैकी एकजण म्हणाला, “होतं असं. आमच्याही हातून झालंय.” तो धीर देत होता की नुसतंच म्हणत होता, बाईंना उमगलं नाही.

तिथून त्या तडक डेपोत गेल्या. शनिवारी त्यांना सुट्टी असायची, त्यामुळे फाटकावरचा पहारेकरी बघतच राहिला. त्यांनी ऑफिस उघडलं, संगणक सुरू केला, एकाच्या जागी शून्य टाकलं. पुढच्या आठवड्याचा तक्ता छापून निघाला तोवर जेमतेम पाच मिनिटं झाली होती.

थोरले विश्रांतीच्या खोलीत बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते. बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. यंत्र शून्यापासून कसं मोजतं, आपण एकापासून कसं मोजलं, सगळं. भाषणात जे सोपं वाटलं होतं ते इथे जिभेला जड झालं.

“म्हणजे मी शून्य?” थोरल्यांनी विचारलं.

“नाही हो! तुमचं नाव पहिलं. म्हणूनच...”

“मला वाटायचं, रीतच असेल. मोठ्याने आधी सोसायचं, बाकीच्यांना द्यायचं.” त्यांनी दुसऱ्या बुटाला हात घातला. “पोरगी वसतिगृहात होती ना. उशिराची एकुलती एक पोर. भेटायची वेळ रविवारचीच. बायको जायची एकटी. पोरगी विचारायची, बाबा का येत नाहीत. बायको सांगायची, बाबांची बस आहे.”

“आता?”

“आता कुठलं वसतिगृह! शिकली, नोकरीला लागली, लांब गेली. झाले चार महिने.”

“तेव्हा भांडला का नाहीत माझ्याशी? बाकीचे भांडायचे तसे?”

थोरल्यांनी नाडीची गाठ घट्ट ओढली. “यंत्राशी काय भांडायचं, असं वाटलं.”

बाईंना क्षमा मागायची होती, पण तो शब्द त्या खोलीत फार गुळगुळीत वाटला. त्यांनी तक्ता पुढे केला. थोरल्यांनी चष्मा लावला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि सोमवारपासून एकेक चौकोन ओलांडत ते शेवटच्या चौकोनापर्यंत आले. बोट तिथेच थांबलं.

“रविवारी मी करू काय?” ते म्हणाले. रागाने नव्हे. त्यांना खरंच विचारायचं होतं.

मग त्यांनी खिशातून फोन काढून घरी लावला. कानाने कमी ऐकू यायचं म्हणून आवाज मोठा ठेवलेला होता. “अगं, ऐक. पुढच्या रविवारी मी घरी आहे.”

बायकोचा घाबरलेला आवाज खोलीभर पसरला, “का हो? बरं वाटत नाहीये का?”

थोरल्यांनी फोन कानापासून जरा दूर धरला आणि काय सांगू, अशा नजरेने बाईंकडे पाहिलं.