तेल सुटेना

भांडण पेटलं ते अ‍ॅव्होकॅडोच्या गरावरनं. मी कुंपणाच्या अलीकडं मक्याची कणसं सोलत होते, म्हणून एक अक्षर चुकलं नाही.

शेजारची युफ्रासिया सकाळपासनं उन्हात परात घेऊन बसलेली. पिकून काळी पडलेली तीस फळं फोडून त्यांचा गर एकाच हातानं, एकाच दिशेनं घोटत होती. नवऱ्याच्या गुडघ्यांना तेल हवं होतं. उद्या जत्रेत म्हाताऱ्यांचा नाच. नाचायची खरं तर तरणी पोरं. मुखवटा लावून, कंबर वाकवून म्हातारपणाचं सोंग आणायचं. पण युफ्रासियाचा म्हातारा, ताता एवोदियो, सत्तरी उलटली तरी मुखवटा सोडीना. शेवटी म्होरक्या लिबोरियोनं बजावलं, "आज दुपारी येतो. गुडघा वाकला न्हाई तर मुखवटा माघारी द्यायचा."

"तुमाला मुखवटा कशाला वो?" युफ्रासिया म्हणाली. "तसंच गेलात तरी कुनाला कळायचं न्हाई."

"जीभ बरी सुटतीया तुजी. त्येल तेवढं सुटंना!"

"सुटंल कसं? सकाळधरनं तोंड फुगवून बसलाय परातीम्होरं!"

ते मात्र खरं. रागावलेलं माणूस जवळ असलं की तेल गरात दडून बसतं. त्याला उताराही एकच.

मी कुंपणावरनं ओरडले, "ताता, रुसल्याला मानूस परातीम्होरं नाचल्याबिगर त्येल यायचं न्हाई!"

"अगं, नाचाय येत न्हाई म्हनून तर त्येल पायजे!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," युफ्रासिया पुटपुटली.

हे मात्र म्हाताऱ्याला झोंबलं. काठी घेऊन उठला. पहिल्या ठेक्याला "मेलो!" म्हणाला, दुसऱ्याला दात खाल्ले, तिसऱ्याला टाचा अशा वाजायला लागल्या की कोंबड्या कुंपणावर चढल्या. गिरकी घेताना दोरीवरचा बायकोचा परकर डोक्यावर आला. आंधळा होऊन नाचला, पण ठेका सोडला नाही. युफ्रासिया हसून हसून लोळायची बाकी राहिली. हात मात्र घोटतच होता.

"अगंबया, सुटलं!"

गरावर हिरवंगार तेल तरंगत होतं. फाटकात उभ्या लिबोरियोनं ते सगळं बघितलं. मुखवट्याचं नावही न काढता माघारी वळला.

ताता धापा टाकत बसला आणि विजार वर सारून पाय लांब केले. "आन, चोळ."

युफ्रासियानं तेल वाटीत निथळून घेतलं, त्याच्या गुडघ्यांकडं बघितलं आणि ओंजळभर आपल्याच केसांत जिरवलं.

"अगं, माझं गुडघं!"

"त्ये कोरडंच नाचत्यात की. उद्या नाचऱ्याची बायकू म्हनून समद्यांच्या म्होरं मला बसायचंय."