टेकाईला बोललेली लाल गाडी

टेकाईच्या पायाची आन! देव्हाऱ्यातल्या दिव्याची आन! ह्यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं तरी माझी जीभ झडून पडंल आन ताटातली भाकर दगड हुईल. ज्याला हसायचं आसंल त्यानं आत्ताच उठून वसरीवर जाऊन हसून यावं. मंग सांगते.

राहुरीच्या अलीकडं नगरच्या रस्त्याला एक वाडी हाय. वर टेकावर टेकाईचं देऊळ, खाली सूर्यभान सुताराचं घर. सूर्यभाननं केलेली बैलगाडी इतकी हलकी पळायची, की बैल मधूनमधून थांबून मागं बघायचे, गाडी हाय का कुठं पडली म्हनून. पर बहात्तरचा दुष्काळ आला आन गाड्या कोन करून घेनार? बैल चाऱ्याच्या छावनीला गेले. सूर्यभान दुष्काळी कामावर गेला. तिथं त्याला एकच काम, मोडलेल्या कुदळीला नवा दांडा बसवायचा. जमीन आशी कडक, की त्यानं दांडा बसवून पाठ फिरवली की मागं कडकन आवाज. सांजच्याला त्याची मनगटं आशी आखडायची, की धोतराची गाठ सोडायला बायकोला हाक मारावी लागायची.

बायकू गोजरबाई. ती त्याच कामावर खडी फोडायची. आन ती आनवानी हुती.

चपला न्हवत्या आसं न्हाई. चांगल्या करकरीत कोल्हापुरी चपला हुत्या, पन घराच्या आढ्याला टांगलेल्या. त्याचं कारन त्यांची लेक पुष्पावती.

दुष्काळाच्या आधीची गोष्ट. पुष्पावती बाळंतपनाला म्हायेरी आलेली आन आडली. सुईनीनं हात टेकले. बैलगाडीत घालून रस्त्याला आनली, तर यष्टी गेलेली. मंग गोजरबाईनं काय करावं? दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध हुबी राहिली. तेवढ्यात समोरून आली लाल गाडी. बुटकी, बिनछपराची, मडक्यात भुंगा घुमावा तसा आवाज. आत नगरच्या क्यांपातला एक मिलिटरीचा साहेब. मानूस देवगुनी. गाडी थांबवली, दार उघडलं. पर गाडीत जागा दोनच! साहेबाच्या शेजारी पुष्पावतीला निजवली आन गोजरबाई मागच्या टपावर, म्हंजी डिकीच्या झाकनावर बसली, पाय आत, हातात साहेबाची कॉलर. गाडी आशी पळाली, की वांबोरी फाट्याला एक साळुंकी घाबरून तिच्या आंबाड्यात शिरली ती नगरच्या दवाखान्यातच उतरली.

त्या टपावर बसून गोजरबाई बोलून गेली, "आई टेकाई, माझी लेक आन तिचं लेकरू हाती लागू दे. हीच लाल गाडी तुझ्या दारात आनून वाहीन. तवर पायात चप्पल घालनार न्हाई."

लेक वाचली. नातू झाला. घरी आल्यावर गोजरबाईनं चपला आढ्याला टांगल्या, तवा सूर्यभाननं इचारलं, "काय बोललीस?"

तिनं सांगितलं.

"आगं, दुसऱ्याची गाडी बोललीस व्हय देवीला?"

"तवा सुचलं ते बोलले. तुमी हुता का टपावर?"

गोजरबाईचा हिशेब आसा, की साहेबाच्या हातापाया पडू, एकदा गाडी देवळापुढं हुबी करा म्हनू. पर ही दोघं क्यांपाच्या दारात गेली तवर बंगालची लढाई लागलेली. दारावरचा शिपाई म्हनला, साहेब गेले, गाडीबी गेली, आता कुठं ते इचारू नका.

तिथनं गोजरबाईचे पाय तसेच राहिले. आन वरून हा दुष्काळ, ही खडी. तिच्या टाचांच्या भेगांत खडे जाऊन बसायचे. रोज सांजच्याला सूर्यभान कंदिलापुढं तिची टाच मांडीवर घ्यायचा आन दाभनाच्या टोकानं एकेक खडा काढायचा. ती कळवळायची न्हाई. ती बसल्याबसल्या झोपून गेलेली आसायची, हातात भाकरीचा तुकडा तसाच.

आसंच एकदा खडा काढताना सूर्यभान म्हनला, "गोजर, मीच करतो गाडी. लाकडाची."

"देवी घेईल?"

देवीचं त्यानं गुरवाला इचारलं. कानिफनाथ गुरव. देवळात ना नारळ येत ना तेल, म्हनून तोबी कामावर मातीची घमेली वाहत हुता.

गुरव म्हनला, "मेस्त्री, लोक लाकडी पाळना वाहत्यात, लाकडी घोडा वाहत्यात. मंग मोटारीनं काय पाप केलंय? पर हुबेहूब पायजे बगा. टेकावरनं रस्ता दिसतो. आईनं ती गाडी पाहिलीय."

आता हुबेहूब कशी करायची? सूर्यभाननं ती गाडी पाहिली हुती, पर मागनं, धुरळ्यात जाताना. गोजरबाईनं पाहिली ती म्होरनं, आंगावर येताना. नवऱ्याला गाडीचं तोंड ठाव न्हाई आन बायकूला पाठ ठाव न्हाई.

"तोंड कसं हुतं?"

"बेडकावानी. दोन डोळे वर आलेले. आन दात उभे."

"दात?"

"जाळी हो! उभ्या पट्ट्यांची. हसत हुती माझ्याकडं बघून."

"आन उंची?"

"हितवर." तिनं कमरेला हात लावला.

त्यावरनंच सूर्यभाननं माप धरलं. गोजरबाईचा एक हात म्हंजी लाकडावर चार बोटं. मंग ती भिंतीला टेकून हुबी राहायची, डोळे मिटलेले, आन हा इचारायचा, म्होरचं टोपन कुठवर, दार कुठवर, चाक कुठवर. ती आंगावर हात ठेवून दाखवायची, गुडघा, मांडी, कंबर. आख्खी मोटार त्यानं बायकूच्या आंगावरनं मापली. मधीच तिचा हात खाली पडायचा. म्हंजी झोप लागली. मंग तो गुमान थांबायचा आन तवर रंध्याला धार लावायचा.

लाकूड सागाचं. एका पुढाऱ्यानं बसायच्या दमनी गाडीसाठी सांगितलेलं आन दुष्काळामुळं तसंच पडलेलं. वाकसानं आकार काढला. म्होरलं टोपन लांब, निमुळतं. मागचा टप गोल, हितं सूर्यभानला कोनाला इचारायची गरज न्हवती. पटाशीनं बसायची जागा कोरली. चाकं जाळीची हुती, बारीक तारांची. सूर्यभाननं बैलगाडीची शेकडो चाकं केलेली, पर इतके बारीक आरे कशाचे करायचे? खराटा सोडला आन त्याच्या काड्या लावल्या. डोळ्यांसाठी बैलांच्या घुंगुरमाळेतलं एक घुंगरू मधून कापलं. बैल छावनीला, त्यांची माळ खुंटीला. घुंगरू कापताना त्याला कसंसंच झालं. पर डोळे झाले झकास.

टेकाईच्या चैती यात्रेसाठी पुष्पावती म्हायेरी आली. तिला इचारलं, "बाई, आतून काय दिसलं?"

"आबा, मी निजलेली. मला आभाळ दिसत हुतं." मंग म्हनली, "आन साहेबाच्या हातातलं चाक. ते लाकडाचं हुतं."

"लाकडाचं? साहेबाच्या गाडीत लाकूड?" सूर्यभानचं तोंड लई दिसांनी उजळलं. ते आंगठीएवढं चाक त्यानं शिसवीचं केलं.

पर दमलेला मानूस तो दमलेलाच. म्होरलं उजवं चाक बसवताना, भोक पाडायचा सामता फिरवताफिरवता त्याचा डोळा लागला. जागा झाला तवा भोक वाजवीपेक्षा मोठं पडलेलं. चिंधी कोंबली, पाचर मारली, तरी चाक डुगडुगतंच. गाडी जरा हलली की उजवीकडं बसायची. दुसरं चाक करायला आंगात ताकदच न्हवती. म्हनला, देवी काय बसून राहुरीला जानार हाय!

राहिला रंग. राहुरीला टेंपोवर नावं रंगवनारा रशीद पेंटर सूर्यभानचा दोस्त. त्याच्याकडं गेला, तर लाल डबा खडखडीत.

रशीद म्हनला, "मेस्त्री, निळा हाय, पांढरा हाय, म्हनशील तर वाघ काढून देतो. लाल पुढच्या बाजारी."

पुढच्या बाजारी काय उपेग? यात्रा उद्या. नवस फेडायचा तो यात्रेला, न्हाईतर पुढल्या चैताला. म्हंजी आनखी एक साल त्या भेगा. सूर्यभान निळ्याकडं बघत बसला आन तसाच मोकळ्या हातानं परत आला. गोजरबाईला म्हनला, "तशीच लाकडी वाहू. लाल न्हाई तर न्हाई." आन घोंगडीवर पडला.

पर हुबेहूब म्हनला हुता ना गुरव. गोजरबाईनं उतरंडीतला शेंदूर काढला, तेलाच्या बुधलीत राहिलेलं तेल वतलं आन बोटांनी सगळ्या गाडीला चोपडला. मायंदाळ चोपडला. झाली लाल! जरा शेंदरी, पर लाल.

सकाळी सूर्यभान उठून कामावर म्होरं गेला. गोजरबाईनं गाडी पाटीत ठेवली, पाटी डोक्यावर. इचार हा, की काम सुटलं की सरळ टेकावर जाऊ. शेंदूर वाळलेला न्हवता म्हनून तिनं कामाच्या जागी लिंबाखाली एका फरशीवर गाडी उन्हात मांडली आन खडी फोडायला बसली.

दुपारची सुट्टी झाली. सूर्यभान पानी प्यायला आला आन बघतो तर लिंबाखाली रांग. गाडीवर हळद, कुकू. फरशीवर तांदळाचे दाने, आन त्या दुष्काळात, घरात दाना न्हाई तवा! एक बाई लेकराचं डोकं गाडीच्या टपावर टेकवत हुती. मुकादम आप्पासाहेब शिट्टी वाजवायची इसरून हात जोडून हुबे.

गोजरबाई बाजूला हुबी, घाबरलेली. "आवं, मी सांगितलं, गाडी हाय म्हनून. कोनी ऐकंना."

सूर्यभाननं गाडीला हात घातला, तशा बाया वरडल्या. "हां! हात लावू नका मेस्त्री. देव बसलाय."

"आगं बाई, मी केलाय त्याला!"

"मूर्तीबी कोनीतरी करतंच की!" एक म्हातारी म्हनली.

घमेलं टाकून कानिफनाथ गुरव आला. वाकून बघितलं, बोटाला शेंदूर लावून बघितला आन डोकं खाजवलं. "वैनी, काय केलंत हे? शेंदूर लागला की देव. आता हा टेकावर कसा न्यायचा? देवाला वाहत्यात, देव वाहत न्हाईत."

"मंग माझा नवस?" गोजरबाईनं इचारलं.

"दुसरी करा. पुढल्या यात्रेला."

गोजरबाईनं खाली बघितलं, सोताच्या पायांकडं. तिथं खडीवर तिच्या टाचंचा एक तांबडा डाग पडलेला. सूर्यभाननं तो बघितला. त्याला एकदम इतका थकवा आला, की वाटलं हितंच आडवं व्हावं, वरून लोकांनी माती लोटावी. पुन्हा सागाचं लाकूड कुठनं आनायचं? पुन्हा ती भिंतीला टेकून हुबी राहनार. एक साल.

मंग म्हनला, "गुरवा, हा देव हाय ना?"

"हाय की. बघा ना लोक."

"मंग त्यालाच कौल लाव. माझ्या बायकूचा नवस पोचला का न्हाई, त्यालाच इचार."

गुरव आडला. पर लोक म्हनले, लावा लावा. दुष्काळात फूल कुठलं? बांधावरच्या रुईची दोन फुलं आनली. शेंदरात बुडवून गाडीच्या दोन डोळ्यांवर चिकटवली. गुरवानं हात जोडले, "बाबा, नवस पोचला आसंल तर उजवं दे. न्हाई तर डावं दे."

वारा न्हाई. फुलं जागची हलंनात. बाया श्वास धरून. गोजरबाईचे डोळे मिटलेले, भिंतीला टेकून मापं सांगताना मिटायचे तसेच.

सूर्यभान बराच वेळ हुबा राहिला. मंग हळूच म्हनला, "लई दमलो बाबा." आन त्या फरशीच्या कडंवर मटकन बसला.

फरशी डुलली. गाडी उजवीकडं बसली. उजवं फूल टपकन खाली.

काय जयजयकार झाला म्हनता! राहुरीच्या बाजारात लोकांनी इचारलं म्हनं, कुठं यात्रा भरली. गुरवानं फूल गोजरबाईच्या पदरात टाकलं आन आप्पासाहेबांना शिट्टी आठवली. काम पुन्हा लागलं. ती गाडी तिथंच राहिली, आजबी लिंबाखाली हाय, आन रस्त्यानं जानारे डायवर तिला हात जोडून मंगच गेर टाकत्यात.

सांजच्याला दोघं घरी चालली. सूर्यभान म्होरं, गोजरबाई मागं.

मंग ती म्हनली, "म्होरलं उजवं चाक ढिलं हाय ना?"

तो थांबला न्हाई. "व्हय."

"मला म्हाईत हुतं. शेंदूर लावताना हललं."

"मंग?"

गोजरबाई चार पावलं चालली. "मंग काय. टेकावरनं आईलाबी दिसलंच आसंल. तीबी दमली आसंल माझ्या पायांकडं बघून."

घरी गेल्यावर सूर्यभाननं आखडलेल्या हातांनी आढ्याच्या चपला काढल्या, धूळ झटकली आन तिच्या पायापुढं ठेवल्या. तिनं पाय घातले. आन करकर वाजवत पान्याला गेली.

सगळं खरं हाय. आन घेतलीय मी. फकस्त चपला घालून ती पान्याला गेली, एवढं एक मी लावून सांगितलं; खरं म्हंजी त्या चपला तिच्या पायात गेल्याच न्हाईत. आनवानी हिंडून तिचे पाय इतके पसरले हुते, की आंगठाच आत शिरंना. ती उंबऱ्यावर बसली, चपला मांडीवर घेऊन, आन सूर्यभान भिंतीला टेकून. कोनी रडलं न्हाई, तेवढी ताकद न्हवती. तिनं चपला लेकीच्या गाठोड्यात ठेवल्या.

पुढल्या बाजारी सूर्यभाननं चांभाराकडनं तिच्या पायाच्या मापाच्या रुंद चपला करून आनल्या. खाली तळवा टायरचा. गाडीच्याच टायरचा, हे मातर खरं.