कडेला बघा, कडेला!

मी वाफेच्या मोठ्या नळावरचा जोड बोलतोय! आज अंगावरचं जाडजूड वेष्टण निघालंय, बऱ्याच वर्षांनी वारा लागलाय. भरभर बोललो तर सांभाळून घ्या.

वेल्डरमामांनी दोन नळांची टोकं वितळवून मला जन्माला घातलं. दोन घरचे दोन नळ जुळले, की ओढाताण मधल्यानंच सोसायची. जगरहाटीच ती! माझ्या पोटातून साडेपाचशे अंशांची वाफ धावते. एवढ्या उष्णतेत पोलादसुद्धा कणाकणानं ताणत जातं. त्यात कारखाना बंद झाला की आकसा, चालू झाला की फुगा. चालल्याचे तास सगळे लिहितात. हे हेलपाटे कोण लिहितो?

दर तपासणीला माझा फुगीर माथा घासायचे, बघायचे आणि म्हणायचे, "ठणठणीत!" मी होतोच ठणठणीत. दुखत होतं ते कडेला, मी जन्मलो तेव्हा माझ्याच आचेनं पोळलेल्या नळाच्या अरुंद पट्टीत. आणि बरोबर खाली बाकडं! तिथे बसून चौघं डबा खायचे. पट्टी फाटली असती, तर कोणी वाचलं नसतं.

आज नवी तपासनीस आली. मामांनी माथा आधीच चकाचक करून ठेवलेला.

"इथं बघा मॅडम. उद्या सकाळी कारखाना सुरू करायचाय."

"बघते की, मामा. पण आधी ही कड घासा."

"कड? तिथं कधी कोणी बघत नाही हो!"

"म्हणूनच म्हणतेय."

अहाहा! बरोबर तिथेच! कड आरशासारखी घासली, आम्ल लावलं, पातळ फिल्म चिकटवून तिचा ठसा उचलला. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग मामांना बोलावलं. बारीक बारीक पोकळ्या, एका ओळीत. काही तर एकमेकींना भिडलेल्या!

"म्हणजे माझा जोड वाईट?" मामांचा चेहरा पडला.

"जोड एक नंबर आहे, मामा. शेजार थकलाय. पण कापावं दोघांनाही लागेल."

मामा बाकड्याकडे वळून गरजले, "ए, उठा तिथून! साहेबांना सांगा, उद्या काही सुरू होत नाही!"

वाचले! चौघंही वाचले!

आता दोन्ही बाजूंना खडूच्या रेघा पडल्यात. माझ्या जागी नवा जोड येईल. त्याचा माथा बघून परत जाऊ नका, एवढंच मागणं. कापायला मामाच येतायत, दुसऱ्याला हात लावू देईनात. या मामा, बिनधास्त चालवा कटर. मी तयार आहे!